गॅलरीतली मित्रा

मला एक सांगा, "दोन दिवस" म्हणजे किती दिवस? माझ्या शिक्षणाप्रमाणे दोन. संघमित्राच्या शिक्षणाप्रमाणे एक वर्ष आणि पाच महिने. तेवढा काळ तिचा हातमाग माझ्या गॅलरीत ठाण मांडून होता आणि मी माझे ओले कपडे बेडरूमच्या दारावर वाळत घालत होते. आता ती कोलकात्याला एका बॅगांच्या कारखान्यात कामाला आहे. माग कधीच गेला. तरी झाडू मारला की कुठल्यातरी फटीतून रंगीत सुताचा तुकडा निघतोच. मी तिच्या नावाने दोन शब्द बोलते आणि तो केरात टाकते.

आम्ही भांडुपला, तिसऱ्या मजल्यावर, समोरासमोर दारं. त्यांच्याकडे माणसं तीन. आई नर्स, ती सदा ड्युटीवर. आजोबा, ज्यांना सगळी बिल्डिंग आबा म्हणते, ते रेल्वेच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं लेथ मशीनवर काम करून रिटायर झालेले. आणि तिसरी ही, अंधेरीच्या एका कॉलेजात टेक्स्टाइल शिकणारी. माझ्याकडे मी एकटी. आमचे हे गेले, मुलगा बंगळुरूला. त्यामुळे परबकाकींकडे जागाच जागा आहे, असं अख्ख्या बिल्डिंगने परस्पर ठरवून टाकलेलं.

एका रविवारी दार वाजलं. बाहेर मित्रा, आणि तिच्यामागे दोन माणसांनी धरलेला लाकडी सांगाडा.

"काकी, आमच्याकडे आबांची कॉट आहे ना, हे मावत नाही. दोन दिवस ठेवू?"

"काय आहे हे?"

"माग. लहानच आहे."

लहान! तो आत येताना माझ्या दाराच्या चौकटीचा टवका उडाला. "सॉरी" म्हणेल तर शप्पथ. टवका उचलून तिने बोटाने घासून बघितला आणि म्हणाली, "आतून सागवान नाहीये काकी. तुम्हाला फसवलंय."

ही अशी. सुतळीसारखी बारीक, डोक्यावर केसांचा बुचडा, त्यात खोचलेली पेन्सिल आणि अंगठ्याला कायम चिकटपट्टी. काहीही सांगा, उत्तर एकच. "बघूया ना काकी." मित्रा, जेवून घे. बघूया ना काकी. मित्रा, हा पसारा आवर. बघूया ना काकी. बघायची मात्र फक्त बॅगा, कारण तिला त्याच करायच्या होत्या. आणि कुठे, कधी, कशाला याचा काही विचार? तळमजल्यावरच्या देसाईबाईंच्या सासऱ्यांच्या बाराव्याला आम्ही गेलो होतो. पुण्याहून आलेली त्यांची वन्सं रडत होती, आणि ही तिच्या शेजारी मांडी घालून, तिची पर्स उलटी करून आतली शिवण बघतेय! मी डोळे वटारले तर मला तिकडूनच हळू आवाजात सांगते, "काकी, अस्तर नुसतं चिकटवलंय."

विणायला बसली की चार बोटं विणायची आणि तीन बोटं उसवायची. मी कंटाळून म्हणायची, "अगं, दिसतंय कोणाला ते?" तर म्हणायची, "मला दिसतं ना. आणि उसवलं तर बिघडलं काय? धागा कुठे जातोय?" सासरे माझे मिलमध्ये साचेवाले होते. त्यांनी आयुष्यभर मैलोगणती कापड काढलं. ही पोरगी पाच महिन्यांत माझ्या उशीच्या अभ्र्याएवढं काढू शकली नव्हती.

नंतर चामडं आलं, आणि तिथून माझी खरी वाट लागली.

एके दुपारी ती धारावीहून एक भलीमोठी गुंडाळी घेऊन आली आणि दारातच कुजबुजली, "काकी, हे तुमच्याकडे राहू दे. आबांना कळता कामा नये." म्हटलं, काय आणलंस बाई, बॉम्ब? तिने सोडून दाखवलं. पिवळसर, जाड, न रंगवलेलं कातडं. घरभर असा वास सुटला की मी नाकाला पदर लावला.

"ए, हे माझ्या घरात नको हां. गॅलरीला लागून देवघर आहे माझं."

"काकी, तुमच्या भजनातला मृदंग कशाचा असतो?"

 अशा वेळी तिला फटकावावंसं वाटायचं.

मग तिने सांगितलं. आबा दहा-अकरा वर्षांचे असताना गावातली मेलेली ढोरं ओढून न्यायचं आणि सोलायचं काम त्यांच्या वस्तीकडे होतं. ते कोणी मागून घेतलेलं नव्हतं, ते करावंच लागायचं. वर गावाने ओट्याखाली उभं करायचं. मग वस्तीने एक दिवस ठरवून ते काम टाकलं. गावाने बोलणं टाकलं, किराणा टाकला, तरी वस्ती हटली नाही. त्या दिवसापासून आबांनी चामड्याला हात लावला नाही. घरात चामड्याची चप्पल नाही, पट्टा नाही, पाकीट नाही. पायात कॅनव्हासचे बूट, कंबरेला कापडी पट्टा. मी वीस वर्षं शेजारी राहून ते बूट बघत होते आणि मला वाटायचं, रेल्वेची सवय असेल.

"मग तुला चामडंच कशाला हवं गं? ताग घे, कॅनव्हास घे, रेक्झीन घे!" मी म्हटलं.

"कारण हातमागाचं कापड एकटं बॅगेला उभं राहत नाही. त्याला काहीतरी धरून ठेवणारं लागतं." एवढं बोलून ती गुंडाळी माझ्या दिवाणाखाली सरकवायला लागली. विचारलं नव्हतंच. नुसतं सांगितलं होतं.

चामड्याने मात्र तिला चांगलंच सरळ केलं. कारण ते उसवता येत नाही. आरी टोचली की भोक पडलं, आणि पडलं ते पडलं. शिवण काढली तरी भोकांची रांग तशीच. पहिल्या दिवशी तिने सवयीप्रमाणे तीनदा शिवलं, तीनदा काढलं, आणि त्या तुकड्याची चाळणी झाली. हातातली आरी ठेवून ती म्हणाली, "हे ऐकतच नाही काकी." म्हटलं, बरं झालं, कोणीतरी भेटलं तुला!

तिकडे कापडाची वेगळीच बोंब. ते कापलं की कडेने सुटायला लागायचं. चामड्याला जोडायला कापावं तर धागे निघतात, न कापावं तर जोडायचं कसं? महिना या एका कोड्यात गेला. चहा गार व्हायचा, मी गरम करून द्यायची, परत गार व्हायचा. मधेच तिला चामडं काळं करायचा नाद लागला. व्हिनेगरमध्ये गंजलेले खिळे टाकून ठेवले की त्या पाण्याने म्हणे कातडं काळंभोर होतं. ठेवा, माझं काय जातंय! पण कशात ठेवावं? माझ्या सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीत! कणकवलीहून नणंद आली, तिने जेवताना हौसेने झाकण उघडलं आणि आत काळं पाणी आणि खिळे बघून ओरडली, "वयनी, ह्यां कसलां लोणचां घातलंस गो?" मी काय कपाळ सांगणार तिला? मित्राला जाब विचारला तर म्हणते, "तिने चाखलं नाही ना? मग ठीक आहे."

आणि मग एका सकाळी, मी पोळ्या लाटत असताना, गॅलरीतून हाक आली. "काकी! इकडे या!" लाटणं हातात घेऊन धावले, म्हटलं बोट कापलं. बघते तर तिने चामड्याच्या पट्टीच्या कडेला ओळीने भोकं पाडली होती आणि मागाचे उभे धागे थेट त्या भोकांतून ओवले होते. म्हणजे कापड आधी विणून मग चामड्याला जोडायचंच नाही. चामड्यातूनच कापड सुरू करायचं. ना कापणं, ना शिवण. मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही, पण ते बघून माझ्या तोंडून निघालं, "झकास गं!" ती हसली आणि लगेच म्हणाली, "तिसरं भोक वाकडं पडलंय." घ्या!

आता आबांची गोष्ट. एका सकाळी मित्रा कॉलेजला गेली होती आणि आबा पाण्याच्या टाकीच्या नोटिशीवर सही घ्यायला आले. आबा कधी उंबऱ्याच्या आत येत नाहीत. मी सही केली, कागद परत दिला. जाता जाता म्हणाले, "परबबाई, ते उन्हात ठेवू नका. तडकेल."

"काय तडकेल?"

"चामडं."

 मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"राहू द्या. मला जिन्यापासून वास येतोय. तीन महिने झाले. हा वास मी इसरंन व्हय?" आबा गावाकडचं बोलायला लागले की समजावं, आत काहीतरी हललंय. "तिला सांगू नका मला कळलं म्हणून."

"अहो पण का? तुमची नात आहे, दोन शब्द बोला की."

"काय बोलू? नको म्हटलं तर ती टाकून देईल सगळं. मला ठाऊक आहे. आणि कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "हे कर म्हणून गाव सांगत होतं. आता हे करू नको म्हणून मी सांगू?"

आणि गेले. म्हणजे आता बघा. तिचं गुपित आबांपासून मी लपवायचं, आणि आबांचं गुपित तिच्यापासून मीच लपवायचं. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. इथे दोन्ही टोकांची माणसं एका भिंतीच्या अंतरावर, आणि मी मधे.

त्यात आबांना राहवेना. चार दिवसांनी जिन्यात गाठून म्हणाले, "त्याला तेल लागतं. खोबरेल नको. करंजाचं, दोन बोटं फक्त." मी मुलुंडच्या एका आयुर्वेदिक दुकानातून करंजाचं तेल आणलं, तोही एक वासाचा प्रकार! पुढल्या आठवड्यात, "पट्ट्याला पोटाचं कातडं घेऊ नको म्हणावं, ते ताणतं. पाठीचं घ्यावं." मी मित्राला पोळी वाढता वाढता सांगायची, पट्ट्याला पाठीचं घे गं. ती माझ्याकडे टक लावून बघायची.

"काकी, तुम्हाला हे कसं माहीत?"

"यूट्यूब."

शेवटचं वर्ष संपत आलं. परीक्षकांनी काम बघायचं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी प्रदर्शन, आणि वर्गातल्या एकाच मुलीला वर्षभराची परदेशातली शिष्यवृत्ती. मित्राच्या तीन बॅगा तयार होत्या, आणि खोटं कशाला बोलू, देखण्या होत्या. तिच्या कॉलेजातल्या बाईंनाही पसंत होत्या. पण बाईंनी कुठूनतरी आबांबद्दल ऐकलं आणि त्यांनी मित्राला सांगितलं की बॅगेशेजारच्या कार्डावर ते लिही. "चामड्याच्या कामाचा पिढीजात वारसा, आजोबांकडून नातीकडे." परीक्षकांना अशी गोष्ट लागते म्हणे. ती असली तर शिष्यवृत्ती तुझीच.

मित्रा हे मला सांगत होती तेव्हा तिचा चेहरा असा कोरडा पडला होता की मला काही समजेना. मी म्हटलं, "मग लिही की! दोन ओळी लिहायला काय जातं? आणि खोटं काय आहे त्यात? तुमच्या रक्तातच असेल ते."

तिने चहाचा कप खाली ठेवला.

"काकी, आबा पस्तीस वर्षं लेथवर होते. माझ्या रक्तात असलं तर लेथ मशीन असेल."

"अगं, मी चांगल्या अर्थाने..."

"सगळे चांगल्याच अर्थाने म्हणतात. ज्याच्यासाठी वस्तीला किराणा मिळेना तरी आबांनी ते टाकलं, ते मी वारसा म्हणून टेबलावर मांडू? मार्कांसाठी?"

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी म्हटलं, "मग बस घरी! एवढं दीड वर्ष माझ्या गॅलरीचं स्मशान केलंस ते कशासाठी? तत्त्वं काय, ताटात वाढून खायची आहेत?" ती उठली. जाताना कप विसळून ठेवला. दीड वर्षात पहिल्यांदा.

तिने बाईंच्या त्या ओळी कार्डावर लिहिल्या नाहीत हे मला दोन दिवसांनी कळलं, आणि शिष्यवृत्ती दुसऱ्या मुलीला गेली तेही तेव्हाच. मित्रा आली, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, म्हणाली, "नाही लिहिलं. नाही मिळाली." एवढंच. मग कोपऱ्यातली सुताची रिळं पिशवीत भरायला लागली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी तिचा दंड धरला आणि तशीच समोरच्या दारात नेऊन उभी केली.

"आबा! बास झालं आता. ही वर्षभर माझ्या घरात चामडं शिवतेय. तुम्हाला माहितीये. गं मित्रा, तुझ्या आबांना माहितीये. करंजाचं तेल त्यांनीच सांगितलं. आता तुमचं तुम्ही बघा, मी मेले तरी मधे पडणार नाही."

मित्रा शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं काकी. तुम्हाला मोबाइलवर अलार्म लावता येत नाही. यूट्यूब कुठलं?"

म्हणजे दोघांना सगळं ठाऊक होतं, आणि मी तेवढी येडी! तरी माझं तोंड थांबेना. "आणि ऐका आबा, तुमच्या नावाच्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर हिला परदेशात पाठवत होते. नाही लिहिल्या हिने."

आबा कॉटवर बसले होते. त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "नाही लिहिल्यास?"

"नाही."

 आबा उठले, कपाट उघडलं, पांढरा शर्ट काढला आणि इस्त्री तापत ठेवली. मला विचारलं, "परबबाई, अंधेरीला जायला मेट्रो घाटकोपरवरूनच ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मित्रा सकाळीच पुढे गेली होती. हॉलमध्ये हीऽऽ गर्दी. प्रत्येक टेबलावर कार्ड, कार्डावर कोणाची आजी, कोणाची गोधडी, कोणाची लुप्त होत चाललेली कला. मित्राचं टेबल कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला लागून. ती आम्हाला बघून उठून उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते तिला समजेना.

आबांनी बॅगेला हात लावला नाही. वाकून कार्ड वाचलं, बोट ठेवून, मोठ्याने, एकेक शब्द. "विणकाम आणि शिवण, संघमित्रा. चामडं, धारावीच्या दुकानातून विकत आणलेलं."

मग परत वाचलं. "विकत आणलेलं."

"आबा, मी तुम्हाला सांगणार होते..."

"दुकानात तू गेलीस? एकटी?"

"हो."

"बाहेर उभं केलं का आत घेतलं?"

"आत घेतलं. बसायला स्टूल दिलं. चहा मागवला."

"कशात दिला?"

मित्राला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. "काचेच्या ग्लासात आबा. सगळ्यांना दिला, तसल्याच."

आबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

तेवढ्यात तिच्या बाई आल्या, हसतमुख, गळ्यात ओळखपत्र. आबांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही आलात, किती छान! तुम्हीही पूर्वी हेच काम करत होतात ना?"

मित्रा मधे बोलायला सरसावली. आबांनी तिला हाताने थांबवलं.

"नाही बाई," ते म्हणाले. "माझ्याकडून करून घ्यायचे. काम हिने केलंय."

 मित्राने पाठ फिरवली आणि टेबलावरची मधली बॅग, जी अगदी सरळ होती, ती सरळ करत राहिली. तिचे खांदे हलत होते. मी पर्समध्ये हात घालून रुमाल शोधत होते, आणि तो मेला सापडत नव्हता.

आबांनी भिंतीजवळची खुर्ची स्वतःच ओढली, तिच्या टेबलाशेजारी लावली, आणि हॉल बंद होईपर्यंत तिथे बसून राहिले.